ग्राफिक्स कार्डची तुलना : खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरचे काम

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकी, वास्तुकला, ॲनिमेशन, चित्रफीत संपादन अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश सुरू झाले की पणजी, म्हापसा, मडगाव येथील संगणकाच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे? प्रश्न मुलाचा असतो, पैसे पालकांचे असतात आणि उत्तर बहुधा विक्रेत्याचे असते. संगणकाच्या एकूण किमतीचा मोठा हिस्सा, कित्येकदा तिसरा भाग किंवा त्याहूनही अधिक, या एकाच भागावर खर्च होतो. असे असूनही ‘नवे मॉडेल आहे’, ‘जास्त जीबी आहे’ एवढ्याच आधारावर निर्णय घेतला जातो. चार-पाच वर्षे वापरावयाच्या वस्तूची निवड इतक्या तुटपुंज्या माहितीवर होऊ नये, यासाठी खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय, कोणत्या आकड्यांची तुलना करता येते, कोणत्यांची येत नाही आणि चाचण्यांचे निकाल कसे वाचावेत, याचा हा आढावा.

कार्ड नेमके काय करते?

संगणकाचा मुख्य प्रोसेसर थोडी पण गुंतागुंतीची कामे एकामागून एक वेगाने करतो. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजेच जीपीयू, साधी पण एकसारखी हजारो कामे एकाच वेळी करतो. पडद्यावरचे चित्र हे असंख्य ठिपक्यांचे, अर्थात पिक्सेलचे बनलेले असते. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४० वर सुमारे ३६ लाख ८६ हजार, तर ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी कार्डाच्या हाती केवळ १६.७ मिलिसेकंद असतात. १४४ चित्रांसाठी सुमारे ६.९ मिलिसेकंद. या मुदतीत काम पुरे झाले नाही तर चित्र अडखळते. कार्डाची सारी परीक्षा या मुदतीची आहे.

‘जीपीयू’ हा शब्द रूढ झाला तो १९९९ साली एनव्हीडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड बाजारात आणताना केलेल्या जाहिरातीमुळे. त्यापूर्वी थ्रीडीएफएक्स कंपनीच्या १९९६ मधील व्हूडू कार्डाने घरगुती संगणकावर त्रिमितीय खेळांची दालने खुली केली होती. पुढे थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हीडियाने घेतली, तर २००६ साली एएमडीने एटीआय ही कंपनी विकत घेतली. दीर्घकाळ या दोघांतच स्पर्धा राहिली. २०२२ पासून इंटेलची ‘आर्क’ मालिका तिसरी स्पर्धक म्हणून उतरली आहे.

तुलनेसाठी सहा कार्डे

मध्यम किमतीच्या वर्गातील, आपल्याकडे नेहमी विचारली जाणारी सहा कार्डे उदाहरणादाखल घेऊ. क्रमाने कोअरची संख्या, मेमरी, मेमरीच्या मार्गाची रुंदी, बँडविड्थ आणि विजेचा वापर दिला आहे.

- आरटीएक्स २०६० (जानेवारी २०१९) : १,९२० कोअर; ६ जीबी; १९२ बिट; सेकंदाला ३३६ जीबी; १६० वॅट
- आरटीएक्स ३०६० (फेब्रुवारी २०२१) : ३,५८४ कोअर, १२ जीबी, १९२ बिट, सेकंदाला ३६० जीबी, १७० वॅट
- आरटीएक्स ४०६० (जून २०२३) : ३,०७२ कोअर, ८ जीबी, १२८ बिट, सेकंदाला २७२ जीबी, ११५ वॅट
- आरटीएक्स ५०६० (मे २०२५) : ३,८४० कोअर, ८ जीबी, १२८ बिट, सेकंदाला ४४८ जीबी, १४५ वॅट
- रेडिऑन आरएक्स ७६०० (मे २०२३) : २,०४८ कोअर, ८ जीबी, १२८ बिट, सेकंदाला २८८ जीबी, १६५ वॅट
- आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) : २,५६० कोअर, १२ जीबी, १९२ बिट, सेकंदाला ४५६ जीबी, १९० वॅट

ही यादी वरवर पाहिली तरी गोंधळ उडतो. ३०६० नंतर आलेल्या ४०६० मध्ये कोअर कमी, मेमरी कमी, मार्ग अरुंद आणि बँडविड्थही कमी आहे. मग नवे कार्ड जुन्यापेक्षा मंद आहे काय? तसे नाही. ते का, हे समजले की तुलनेची अर्धी विद्या हाती आली.

कोअर आणि टेराफ्लॉप्स : मोजमाप एक, अर्थ अनेक

कार्डाची सैद्धांतिक गणनक्षमता काढण्याचा हिशेब सोपा आहे. कोअरची संख्या गुणिले दोन गुणिले घड्याळाचा वेग. आरटीएक्स ३०६० चा वेग सुमारे १.७८ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून त्याची क्षमता सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स. आरटीएक्स ४०६० चा वेग २.४६ गिगाहर्ट्झ, म्हणून कोअर कमी असूनही क्षमता सुमारे १५.१ टेराफ्लॉप्स. प्रत्यक्ष खेळांच्या चाचण्यांतही ४०६० हे ३०६० पेक्षा सुमारे २० टक्क्यांच्या आसपास पुढे राहते. येथे हिशेब आणि अनुभव जुळतो.

मात्र हाच हिशेब इतरत्र फसवतो. आरटीएक्स २०६० ची क्षमता सुमारे ६.५ टेराफ्लॉप्स, म्हणजे ३०६० ची जवळपास निम्मी. प्रत्यक्षात मात्र ३०६० हे २०६० च्या दुप्पट वेगवान नाही. दोहोंतील अंतर साधारण पाचव्या हिश्श्याचेच आहे. कारण असे, की २०६० मध्ये गणन-संचांची संख्या ३० होती आणि प्रत्येकात ६४ कोअर होते. ३०६० मध्ये संच २८ झाले, पण प्रत्येकातील कोअरची गणती १२८ झाली. या नव्या रचनेत निम्म्या कोअरना दशांश-गणित आणि पूर्णांक-गणित अशी दोन्ही कामे आळीपाळीने करावी लागतात. खेळांत दोन्ही प्रकारचे गणित लागते. म्हणून कागदावरची दुप्पट क्षमता प्रत्यक्षात दुप्पट उतरत नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या कार्डांत तर ही तुलना आणखीच निरर्थक ठरते. रेडिऑन आरएक्स ७६०० च्या नावावर सुमारे २१.७ टेराफ्लॉप्स लागतात, म्हणजे आरटीएक्स ४०६० पेक्षा ४० टक्क्यांहून अधिक. हा आकडा एका कोअरला एका वेळी दोन आज्ञा देता येतील असे गृहीत धरून काढलेला आहे आणि अशी जोडी प्रत्येक वेळी जुळतेच असे नाही. परिणामी नेहमीच्या चित्रणात ही दोन कार्डे जवळपास बरोबरीने चालतात. प्रकाशकिरणांचा माग काढणाऱ्या ‘रे ट्रेसिंग’मध्ये तर ४०६० पुढे जाते. निष्कर्ष सरळ आहे : कोअर आणि टेराफ्लॉप्स यांची तुलना एकाच कंपनीच्या, एकाच पिढीतील कार्डांत करावी. पिढी बदलली की ती सावधपणे करावी. कंपनी बदलली की सोडून द्यावी.

मेमरी : साठा आणि वाट

‘जास्त जीबी म्हणजे चांगले कार्ड’ ही समजूत सर्वाधिक रूढ आहे आणि ती अर्धीच खरी आहे. मेमरीच्या दोन बाजू आहेत : साठा किती आणि त्यातून माल किती वेगाने बाहेर येतो. कोठार मोठे पण दार अरुंद असेल तर मालाची ने-आण रखडते. दार रुंद पण कोठारच लहान असेल तर माल अंगणात ठेवावा लागतो.

दाराचा हिशेब असा : मार्गाची रुंदी बिटमध्ये, गुणिले प्रत्येक बिटचा वेग, भागिले आठ. आरटीएक्स ३०६० मध्ये १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. आरटीएक्स ४०६० मध्ये १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२ जीबी. आरटीएक्स ५०६० मध्ये मार्ग तेवढाच अरुंद, पण जीडीडीआर-७ या नव्या मेमरीचा वेग २८. म्हणून ४४८ जीबी. नुसत्या बिटची तुलना का करू नये, ते यावरून ध्यानात येईल.

४०६० ने दार अरुंद करूनही वेग कसा राखला? त्याच्या चिपमध्येच २४ एमबीची कॅश मेमरी आहे. ३०६० मध्ये ती केवळ ३ एमबी होती. वारंवार लागणारी माहिती हाताशीच राहिल्याने मुख्य मेमरीकडे जावे लागण्याचे प्रसंग कमी होतात. आरएक्स ७६०० मध्ये याच हेतूने ३२ एमबीची कॅश आहे. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. पडदा मोठा झाला आणि पिक्सेल वाढले की कॅश पुरत नाही. तेव्हा अरुंद दाराची उणीव जाणवू लागते. म्हणून अशी कार्डे १०८० च्या पडद्यावर जशी शोभतात, तशी फोर-केवर शोभत नाहीत.

आता साठ्याचा विचार. मेमरी पुरेशी असेल तोवर अधिक मेमरीने वेग वाढत नाही. ती अपुरी पडली की मात्र वेग एकदम कोसळतो, कारण माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून आणावी लागते आणि ती वाट फारच संथ असते. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आले. चिप तीच, बँडविड्थही तीच. बहुतेक खेळांत दोन्ही सारखीच चालतात. पण मेमरी भरून वाहू लागली की ८ जीबीचे कार्ड अडखळते किंवा पडद्यावर पृष्ठभागांचे तपशील पुसट दिसू लागतात. २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ या खेळाने आरंभी ८ जीबीच्या कार्डांची अशीच परीक्षा पाहिली होती.

नाव एक, वस्तू दुसरी

ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते ती येथे. जीटी १०३० हे छोटे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर-५ मेमरीसह आले. त्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी होती. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर-४ मेमरीचे कार्ड आले. बँडविड्थ सुमारे १७ जीबी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोहोंवर ‘२ जीबी’च लिहिलेले.

जीटीएक्स १०६० चे ३ आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. त्यांत केवळ मेमरीचा फरक नव्हता, तर कोअरही अनुक्रमे १,१५२ आणि १,२८० होते. आरटीएक्स ३०६० चे ८ जीबीचे रूप २०२२ च्या अखेरीस आले. त्यात कोअर तेवढेच, पण मार्ग १२८ बिटचा आणि बँडविड्थ २४० जीबी, म्हणजे मूळच्या दोनतृतीयांश. आरटीएक्स ३०५० चे २०२४ मधील ६ जीबीचे रूपही ८ जीबीच्या मूळ कार्डापेक्षा कोअर आणि बँडविड्थ या दोन्हींत कमी आहे; त्याचा लाभ एवढाच, की ते ७० वॅटमध्ये भागते.

ग्राहकांच्या रोषाचा परिणाम होतो, हेही या इतिहासात दिसते. आरटीएक्स ४०८० चे १२ जीबीचे रूप सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यात १६ जीबीच्या कार्डापेक्षा कितीतरी कमी कोअर असल्याचे लक्षात आले. टीकेनंतर ऑक्टोबरमध्ये ते मागे घेण्यात आले आणि जानेवारी २०२३ मध्ये आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने बाजारात आले. त्याआधी जीटीएक्स ९७० च्या ४ जीबी मेमरीपैकी अर्धा जीबी संथ असल्याचे २०१५ च्या आरंभी उघड झाले होते. अमेरिकेत त्यावर दावा झाला आणि २०१६ मधील तडजोडीनुसार प्रत्येक खरेदीदारामागे ३० डॉलर देण्याचे ठरले.

लॅपटॉपच्या बाबतीत तर नावावर मुळीच विसंबू नये. टेबलावरच्या आरटीएक्स ४०७० मध्ये ५,८८८ कोअर, १२ जीबी मेमरी आणि २०० वॅटची मर्यादा आहे. लॅपटॉपमधील त्याच नावाच्या चिपमध्ये ४,६०८ कोअर, ८ जीबी मेमरी आणि ३५ ते ११५ वॅट. ३५ आणि ११५ यांतील अंतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने ठरवायचे असते. म्हणजे एकाच नावाची चिप असलेल्या दोन लॅपटॉपांचा वेगही वेगळा असू शकतो. लॅपटॉप घेताना ‘कोणती चिप’ याच्या जोडीला ‘किती वॅटला चालते’ हे विचारलेच पाहिजे.

चाचणीचे निकाल कसे वाचावेत?

वैशिष्ट्यांची यादी हे आश्वासन असते. चाचणी ही त्याची पडताळणी. पण चाचणीही डोळे उघडे ठेवून वाचावी लागते. चाचण्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या : ‘थ्रीडीमार्क’सारख्या खास चाचणीसाठी बनवलेल्या आज्ञावल्या आणि प्रत्यक्ष खेळ किंवा ‘ब्लेंडर’सारखी कामाची सॉफ्टवेअर. पहिल्या प्रकारात सर्व कार्डांना एकच माप लागते, हा गुण. पण गुणांचा आकडा म्हणजे कामाचा वेग नव्हे, ही मर्यादा.

या क्षेत्राला लबाडीचाही इतिहास आहे. २००१ साली एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक ३’ हा खेळ त्याच्या नावावरून ओळखतो, असे परीक्षकांना आढळले. फाइलच्या नावात ‘क्वेक’ऐवजी ‘क्वॅक’ असा बदल करताच वेग उतरला आणि चित्राचा दर्जा सुधारला! २००३ साली थ्रीडीमार्कच्या निर्मात्यांनी एनव्हीडियाच्या ड्रायव्हरवर असाच आक्षेप घेतला होता. तेव्हापासून जाणकार परीक्षक एकाच चाचणीवर विसंबत नाहीत.

निकाल वाचताना चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सरासरीबरोबर किमान वेगही दिला आहे काय? समजा, एका कार्डाची सरासरी सेकंदाला ९० चित्रे आहे, पण सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग ४० वर उतरतो. दुसऱ्याची सरासरी ८०, पण तो तळ ६५ चा. पहिल्याचा आकडा मोठा, तरी खेळताना दुसरेच सुरळीत वाटेल. २०११ साली स्कॉट वॉसन या परीक्षकाने ‘टेक रिपोर्ट’मध्ये प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत पुढे आणली, त्यानंतर ‘एक टक्का किमान’ हा आकडा चाचण्यांत रुळत गेला. मात्र तो काढण्याची रीत परीक्षकागणिक वेगळी असते; म्हणून दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत.

दुसरी, चाचणी कोणत्या प्रोसेसरसह झाली? परीक्षक सहसा सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, जेणेकरून कार्डाचीच परीक्षा व्हावी. घरी पाच-सहा वर्षे जुना प्रोसेसर असेल तर कार्ड बदलूनही तो वेग मिळणार नाही. आर्क बी५८० च्या बाबतीत हा मुद्दा ठळकपणे पुढे आला : जुन्या प्रोसेसरसह त्याची कामगिरी अपेक्षेपेक्षा अधिक घसरते आणि ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसलेल्या मदरबोर्डवर ते घेऊच नये.

तिसरी, जोडणी कोणती? आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डे मदरबोर्डच्या सोळा मार्गिकांपैकी आठच वापरतात. २०२२ मधील रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी तर केवळ चार वापरते. नव्या मदरबोर्डवर हे खपून जाते; पण पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर, त्यातही ४ जीबी मेमरी अपुरी पडल्यावर, त्याचा वेग लक्षणीय घटतो. जुना संगणक सुधारण्यासाठी स्वस्त कार्ड घेणाऱ्याच्या वाट्याला नेमका हाच तोटा येतो.

चौथी, दाखवलेली चित्रे खरी की बनवलेली? एनव्हीडियाच्या डीएलएसएस आणि एएमडीच्या एफएसआर या तंत्रांत कार्ड लहान चित्र काढून ते मोठे करते. २०२२ पासून दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कृत्रिम चित्र भरण्याची सोय आली आणि २०२५ मध्ये एकामागे तीन चित्रे भरता येऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल, असे जाहीर केले. तो दावा या कृत्रिम चित्रांवर आधारलेला होता. अशा चित्रांनी हालचाल गुळगुळीत दिसते हे खरे; पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्यांनी कमी होत नाही. म्हणून कंपनीचे आलेख पाहताना ही सोय दोन्ही कार्डांत बंद असतानाचा निकाल शोधावा.

काम कोणते, त्यावर कार्ड

सर्वांसाठी एकच उत्तम कार्ड नसते. १०८० च्या पडद्यावर खेळ खेळणे एवढाच हेतू असेल तर ४०६० हे ३०६० पेक्षा सरस आहे : वेग अधिक, वीज कमी. पण त्रिमितीय आरेखने, मोठ्या इमारतींची दृश्ये, ‘ब्लेंडर’मधील अवजड प्रसंग असे काम असेल तर दृश्य मेमरीत मावते की नाही, हा पहिला प्रश्न. तेथे ३०६० चे १२ जीबी वेगापेक्षा मोलाचे ठरू शकतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासासाठीही हाच न्याय. ७ अब्ज घटकांचे भाषा-प्रारूप १६ बिट अचूकतेने चालवायचे तर नुसत्या घटकांनाच १४ जीबी जागा लागते. ४ बिटमध्ये आवळले तर साडेतीन जीबी, अधिक चालू कामाची जागा. कोणते प्रारूप घरी चालेल, हे मेमरी ठरवते. किती वेगाने चालेल, हे बँडविड्थ. या क्षेत्रातील बरीच सॉफ्टवेअर एनव्हीडियाच्या ‘कुडा’ प्रणालीवर उभी आहेत. त्यामुळे विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर कोणत्या कार्डावर चालते, हे महाविद्यालयात विचारूनच खरेदी करावी. चित्रफीत संपादन करणाऱ्यांनी एव्ही-१ स्वरूपात चित्रफीत तयार करण्याची सोय पाहावी. ती ४०६०, ७६०० आणि बी५८० मध्ये आहे, ३०६० मध्ये नाही.

ज्यांचे काम लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग आणि चित्रपट पाहणे एवढेच आहे, त्यांना वेगळे कार्ड घेण्याची गरजच नाही. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर ते पुरते. वाचलेले पैसे रॅम आणि एसएसडीवर खर्चावेत.

वीज, उष्मा आणि आपली हवा

३०६० आणि ४०६० यांच्या विजेच्या वापरात ५५ वॅटचा फरक आहे. रोज चार तास पूर्ण क्षमतेने वापर धरला तर वर्षाला सुमारे ८० युनिट होतात. रक्कम फार मोठी नसली तरी कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असते, हे विसरू नये. अधिक महत्त्वाचा प्रश्न यूपीएसचा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच भार पेलतो. १७०-१९० वॅटचे कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्या मर्यादेजवळ जातात. पावसाळ्यात वीज गेली की यूपीएस संगणक सांभाळण्याऐवजी स्वतःच बंद पडतो. कार्डाच्या खर्चात यूपीएस आणि चांगल्या एसएमपीएसचा खर्च धरूनच हिशेब मांडावा.

चाचण्या बहुतेक वेळा वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात गोव्यातल्या खोलीचे तापमान त्याहून आठ-दहा अंशांनी अधिक असते आणि जवळपास तेवढ्याच अंशांनी कार्डही अधिक तापते. ठरावीक मर्यादेला पोहोचले की ते आपला वेग आपणच कमी करते. म्हणून एकाच चिपच्या दोन कार्डांत निवड करायची असेल तर घड्याळाचा नाममात्र अधिक वेग पाहण्यापेक्षा थंड ठेवण्याची व्यवस्था चांगली असलेले कार्ड घ्यावे. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी, दमट हवा धातूच्या जोडण्यांना अपाय करते आणि अनेक वॉरंटींच्या अटींत गंजाने झालेली हानी वगळलेली असते. संगणक खिडकीपासून आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवणे, धूळ वेळच्या वेळी काढणे आणि पावसाळ्यात तो दीर्घकाळ बंद न ठेवणे, एवढी काळजी घेणे शक्य आहे.

खरेदीपूर्वी

किमतीची तुलना करताना ‘एका चित्रामागे किती रुपये’ हा साधा भागाकार उपयोगी पडतो. समजा, ३०,००० रुपयांचे कार्ड सरासरी ७५ चित्रे देते. दर चित्रामागे ४०० रुपये. ३६,००० रुपयांचे ८० देते; दर ४५० रुपये. महाग कार्ड वेगवान असले तरी पैशांचा मोबदला पहिल्यात अधिक. मात्र पहिल्याची मेमरी आपल्या कामाला पुरत नसेल तर हा भागाकारही व्यर्थ.

जुने कार्ड घेताना विशेष सावध असावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते ‘खणण्या’चा धंदा संपला, त्यानंतर महिनोन्‌महिने अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. असे कार्ड सरसकट वाईट नसते, परंतु पंखे आणि उष्णतावाहक लेप झिजलेले असू शकतात. अर्धा तास पूर्ण भार देऊन, तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहूनच पैसे द्यावेत. मूळ बिल आणि अनुक्रमांक जुळत नसेल तर व्यवहार टाळावा.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर सहा गोष्टी लिहून न्याव्यात : आपला पडदा किती पिक्सेलचा आहे, काम कोणते आणि त्याचे सॉफ्टवेअर कोणते, प्रोसेसर आणि मदरबोर्ड कोणत्या पिढीचे, एसएमपीएस आणि यूपीएस किती वॅटचे, हव्या असलेल्या कार्डाचे पूर्ण नाव, मेमरी आणि बँडविड्थ, आणि कॅबिनेटमध्ये किती सेंटिमीटर लांबीचे कार्ड मावते. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण कार्ड घरी आणून ते न मावल्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत. बिलावर कार्डाचे पूर्ण नाव, मेमरीचा आकडा आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. पुढे वॉरंटीसाठी तोच आधार असतो.

ही सहा उत्तरे हाती असली की खोक्यावरचे बहुतेक आकडे आपोआप गळून पडतात आणि दोन-तीन कार्डेच उरतात. त्यांतून निवड करण्यासाठी एकाहून अधिक परीक्षकांच्या चाचण्या पाहाव्यात आणि मगच पैसे मोजावेत.